मुक्या जिवांना अभय देणारे संत गाडगेबाबा



डिसेंबर महिना आला की आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दोन गोष्टी जवळजवळ येतात. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, लांबलांबहून घोडे येतात, मुलं घोडे बघायला जायचा हट्ट धरतात. आणि २० डिसेंबरला शाळाशाळांत संत गाडगेबाबांची पुण्यतिथी साजरी होते. त्या दिवशी आपण हातात झाडू घेतो, मैदान झाडतो, वर्ग स्वच्छ करतो, एखादा विद्यार्थी बाबांच्या वेशात येतो. हे चांगलंच आहे. पण बाबांचं नाव म्हणजे फक्त स्वच्छता, एवढंच मुलांच्या डोक्यात बसतं.

बाबांच्या नावाने जी दशसूत्री सांगितली जाते, ती आठवून बघा. भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा, गरिबाच्या लेकरांना शिक्षण अशी ती सुरू होते. दहांपैकी नऊ गोष्टी माणसांसाठी आहेत. एकच गोष्ट माणसांसाठी नाही. ती म्हणजे पशू, पक्षी, मुके प्राणी यांना अभय. माणसाच्या भाकरीच्या आणि औषधाच्या रांगेत बाबांनी जनावराला उभं केलं. असं का केलं असेल? याचं उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे. म्हणून आज बाबांचं चरित्र या एका बाजूने पाहू या.

शेणगावचा देबू

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, महाशिवरात्रीचा. गाव शेणगाव, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. आईचं नाव सखूबाई. घर परटाचं, म्हणजे गावाचे कपडे धुणारं. घरात गरिबी होतीच, पण त्याहून मोठी अडचण होती ती वडिलांच्या दारूची.

त्या काळी समाजात रीतच तशी होती. लेकरू झालं, लग्न जमलं, कुणी वारलं, नवस फेडायचा झाला, की देवापुढे बोकड कापायचं आणि भाऊबंदांना मटणाबरोबर दारू पाजायची. हे केलं नाही तर चारचौघांत मान राहत नसे. पैसे नसले तर कर्ज काढायचं, पण रीत सोडायची नाही. झिंगराजी याच वाटेने गेले. दारूने शरीर पोखरलं, हातचं सगळं गेलं आणि १८८४ च्या सुमारास त्यांचा शेवट झाला. देबू तेव्हा आठ वर्षांचा होता.

चरित्रकार सांगतात की शेवटच्या दिवसांत झिंगराजींना फार पश्चात्ताप झाला. देवाच्या नावावर बोकड आणि बोकडाच्या नावावर दारू, या साखळीनेच आपल्याला बुडवलं हे त्यांना कळून चुकलं, आणि मुलाला यापासून लांब ठेव असं त्यांनी सखूबाईला बजावलं. आठ वर्षांच्या मुलाला यातलं किती समजलं असेल कोण जाणे. पण पुढे आयुष्यभर बाबांनी दारू आणि पशुबळी या दोन्ही गोष्टींवर एकाच दमात बोट ठेवलं. त्यांच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वाईट चाली नव्हत्याच. एकाच कर्जाची ती दोन तोंडं होती. त्या कर्जात आधी बोकड जायचं आणि मग कापणाऱ्याचं घर जायचं.

ढोरं राखणारा मुलगा

नवरा गेल्यावर सखूबाई देबूला घेऊन माहेरी आली. माहेर दापुऱ्याला, मूर्तिजापूर तालुक्यात. आजोबा हंबीरराव, मामा चंद्रभान. घर शेतकऱ्याचं. तिथे देबूच्या वाट्याला पाटी-पेन्सिल आली नाही, दावणीची जनावरं आली.

सकाळी उठून गोठा झाडायचा, शेण काढायचं, ढोरं सोडायची, दिवसभर रानात फिरवायची, नदीवर पाणी पाजायचं, धुवायचं, आणि दिवस मावळायला परत आणून बांधायचं. पुढे बाबांच्या हातात जो झाडू आला, तो खरं म्हणजे या गोठ्यापासूनच आला असावा. ज्याने जनावराखालची जागा रोज कोरडी केली आहे, त्याला घाणीतलं दुखणं वेगळं शिकवावं लागत नाही.

गुराख्याला आणखी एक विद्या येते. जनावर बोलत नाही, म्हणून त्याच्याकडे नीट बघावं लागतं. कान पाडले आहेत का, रवंथ थांबली आहे का, पाय आखडता घेतं का, गव्हाणीतली वैरण तशीच का पडली आहे. हे बघणारं लेकरू न सांगता दुसऱ्याचं दुखणं ओळखायला शिकतं. देबू असाच शिकला. थोडा मोठा झाल्यावर तो नांगर-वखर हाकू लागला. कामाला तो वाघ होता आणि पोहण्यात पटाईत. रानात बरोबरच्या गुराख्यांना घेऊन तो भजनं म्हणायचा, सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करून जात-पात न बघता जेवायचा. यासाठी त्याला बोलणीही खावी लागली.

आता थोडं थांबून आपल्या वर्गाकडे बघू या. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या कितीतरी घरांतली मोठी माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मागे म्हाताऱ्या आजीजवळ राहिलेलं लेकरू शेळ्या सांभाळतं आणि हजेरीपटावर गैरहजर लागतं. देबू हा असाच गैरहजर मुलगा होता. त्याची शाळा बुडाली याची खंत त्याला पुढे जन्मभर राहिली. म्हणूनच तर शिक्षणासाठी त्याने एवढा जीव टाकला. पण रानात त्याला जे आलं, ते कमी नव्हतं. दया ही गोष्ट शेळ्या राखणाऱ्या पोराला आपण नव्याने शिकवायची नाही. त्याच्याजवळ असलेली ओळखायची आहे.

सावकार आणि बारसं

१८९२ मध्ये देबूजीचं लग्न कुंताबाईशी झालं. संसार सुरू झाला. इकडे मामांच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज होतं. पैसे फेडले तरी कागदावर बाकी राहतच गेली, कारण घरात लिहिता-वाचता येणारं कुणी नव्हतं. शेवटी चांगली जमीन सावकाराच्या घशात गेली. मामांनी हाय खाल्ली आणि त्यातच ते गेले. पुढे सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली, तेव्हा देबूजी बांधावर उभा राहिला आणि त्याने त्यांना हुसकावून लावलं. गावाने असं धाडस पहिल्यांदाच बघितलं.

ही गोष्ट आपण नेहमी सावकारीच्या संदर्भात सांगतो. पण शेतकऱ्याच्या घरात जमीन गेली की पुढची पाळी कुणाची येते? गोठ्याची. वैरण नाही म्हणून गाय विकली जाते, म्हातारा बैल बाजारात जातो, भाकड म्हैस सोडून दिली जाते. शेतकऱ्याला जनावराचा राग नसतो. त्याच्याकडे कडबाच नसतो. माणसाचं कर्ज आणि जनावराची उपासमार एकाच दोरीने बांधलेली असते, हे देबूजीने पुस्तकात वाचलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग घरात मुलगी झाली, अलोका. बारशाचा दिवस आला. भाऊबंद जमले. सगळ्यांना ठाऊक होतं की आज बोकड पडणार, बाटल्या फुटणार. पण देबूजीने पानात गोडधोड वाढलं. ना मटण, ना दारू. जमलेली मंडळी नाराज झाली. कुरकुर झाली, टोमणे मारले गेले. आज आपल्याला ही साधी गोष्ट वाटते. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, वऱ्हाडातल्या खेड्यात, जातीच्या पंगतीत जातीची रीत मोडायची म्हणजे उद्या आपल्या घरच्या मयतीला खांदा द्यायला कुणी येईल की नाही, याची जोखीम होती. पाठीशी ना पैसा, ना शिक्षण, ना पुढारी. एका परटाच्या पोराने ही जोखीम घेतली.

इथे एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. बाबांनी सुरुवात दुसऱ्याच्या घरापासून केली नाही. पहिलं बोकड वाचलं ते त्यांच्या स्वतःच्या अंगणातलं.

घर सोडलं, गाडगं घेतलं

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, देबूजीने घर सोडलं. पुढे १९१७ पर्यंत ते गावोगाव फिरत राहिले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी-झाडू आणि मातीचं गाडगं. त्याच गाडग्यात खायचं, त्यातच पाणी प्यायचं आणि उन्हात तेच डोक्यावर टोपीसारखं ठेवायचं. लोकांनी नाव दिलं गाडगेबाबा.

या बारा वर्षांत ते साधू म्हणून कुणाच्या ओसरीवर बसून राहिले नाहीत. गावात शिरलं की आधी रस्ता झाडायचा, मग कुणाचं तरी काम करायचं आणि त्याच्या बदल्यात भाकर मागायची. कुणाची लाकडं फोडायची, कुणाच्या शेतात राबायचं, कुणाचं ओझं उचलून द्यायचं. काम झालं की आभाराची वाट न बघता पुढच्या गावाची वाट धरायची.

फुकटची भाकर नको, हा त्यांचा नियमच होता. आणि हा नियम त्यांनी बहुधा बैलाकडूनच घेतला असावा. बैल आधी राबतो, मग गव्हाणीशी येतो. म्हणूनच राबून थकलेल्या बैलाला उपाशी ठेवणं हा त्यांच्या लेखी मोठा अन्याय होता. मजुराची मजुरी बुडवण्यासारखाच.

१९०८ साली ऋणमोचनला पूर्णा नदीवर त्यांच्या पुढाकाराने घाट उभा राहिला. तिथे यात्रा भरायची आणि चिखलातून नदीत उतरताना लोकांचे हाल व्हायचे. बाबांनी स्वतः हातात टोपली-फावडं घेतलं, तेव्हा लोकही आले. त्यांच्या पुढच्या प्रत्येक कामाची पद्धत इथे दिसते. आधी स्वतः उभं राहायचं, बोलायचं नंतर.

कीर्तनातून सुटका

बाबांचं कीर्तन म्हणजे गावासाठी मोठीच पर्वणी. दिवसा झाडू, रात्री कीर्तन. ते अवघड बोलत नसत. शुद्ध वऱ्हाडी बोलीत समोरच्या माणसालाच प्रश्न विचारत आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेत. हे आपल्या शिक्षकांसाठी तर फार मोलाचं आहे. आज आपण ज्याला प्रश्नोत्तर पद्धत म्हणतो, ती ते हजारोंच्या समुदायापुढे वापरत होते.

नवसाच्या बोकडाबद्दलही त्यांची पद्धत हीच. सगळे जीव देवाने केले का, हे ते लोकांकडून वदवून घेत. मग देव सगळ्यांचा बाप असेल, तर एका लेकराने दुसऱ्याचा गळा कापलेला त्याला आवडेल का, असा विचार ते लोकांपुढे ठेवत. पुढे हिशोब मांडत. बोकडाचे किती, दारूचे किती, कर्जाचं व्याज किती, आणि त्याच पैशात पोराची पाटी-पुस्तकं किती आली असती. लोक हसत आणि हसता हसता गप्प होत.

याचा परिणाम किती झाला? १९३१ साली वरवंडे येथे त्यांच्या प्रबोधनामुळे पशुहत्या बंद झाल्याची नोंद त्यांच्या चरित्रात मिळते. तिथे पोलीस आले नव्हते, कायदाही नव्हता. प्राण्यांचा छळ रोखणारा देशाचा कायदा १९६० साली आला, बाबांच्या निधनानंतर चार वर्षांनी. त्याआधी तीस वर्षं, एका अक्षरशत्रू माणसाच्या शब्दावर लोकांनी सुरी खाली ठेवली होती. ती कुणी हिसकावून घेतली नव्हती. यात बाबांचं मोठेपण आहेच, पण त्या साध्या गावकऱ्यांचंही आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत सोडणं सोपं नसतं. देव कोपेल ही भीती मनात असतानाही त्यांनी ती सोडली.

मूर्तिजापूरचं गोरक्षण

बोकड न कापणं ही झाली एक बाजू. पण जे जनावर कुणी कापत नाही आणि पोसतही नाही, त्याचं काय? काम करून थकलेले बैल, भाकड गाई, लंगडी, आंधळी, आजारी ढोरं. दुष्काळात तर अशी जनावरं रस्त्यावर येतात, पाण्यावाचून मरतात.

१९२५ साली बाबांनी मूर्तिजापूरला गोरक्षणाचं काम उभं केलं. तिथेच धर्मशाळा आणि विद्यालयही काढलं. या तीन गोष्टी एकत्र आहेत हे लक्षात घ्या. थकलेल्या जनावराला निवारा, वाटसरू माणसाला निवारा आणि मुलाला शिक्षण. बाबांनी यांची वेगवेगळी खाती केली नाहीत. ज्या मुलुखात लहानपणी ढोरं राखली, त्याच मुलुखात थकल्या ढोरांसाठी त्यांनी छप्पर उभं केलं.

गोरक्षण या शब्दाचा बाबांच्या आयुष्यातला अर्थही मुलांना नीट सांगायला हवा. तो होता वैरणीची सोय करणं, पाणी भरणं, शेण उचलणं, जखमेवर औषध लावणं. हे कष्टाचं काम आहे. रोज पहाटे उठून करायचं आणि कुणी टाळ्या वाजवणार नाही असं. दुसऱ्याच्या अंगावर धावून जाण्याशी या कामाचा काही संबंध नाही.

पैसा कुठून यायचा? लोकांकडून. बाबांच्या कीर्तनाला श्रीमंतही येत आणि हातावर पोट असलेलेही येत. त्यातूनच पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा झाल्या. पंढरपूरला १९१७ मध्ये चोखामेळा धर्मशाळेचं काम सुरू झालं. पण या लाखोंच्या इमारतींत स्वतःसाठी एक खोलीही बाबांनी ठेवली नाही. आपल्या घरच्यांना तिथे हक्क सांगू दिला नाही. ते झाडाखाली झोपायचे, गाडग्यात खायचे.

शेवटची वर्षं

१९२३ साली बाबांचा तरुण मुलगा गोविंदा गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. बातमी आली, तरी कीर्तन थांबलं नाही. दुःख झालं नसेल असं नाही. पण दुसऱ्याच्या दुःखासाठी घेतलेलं काम त्यांनी आपल्या दुःखासाठी अडवलं नाही.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. बाबांनंतर आश्रमशाळा, वसतिगृहं, धर्मशाळा यांचा कारभार मिशनने पुढे नेला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी मोटारीतच बाबांनी देह ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा फक्त दोन आठवडे झाले होते. बाबांची समाधी अमरावतीला आहे. अमरावतीच्या विद्यापीठालाही आज त्यांचंच नाव आहे. कधी शाळेत न गेलेल्या गुराख्याचं नाव विद्यापीठाला!

आपल्या जिल्ह्यात हा पाठ शिकवताना

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः सातपुड्यातल्या पाड्यांवर, देवाला कोंबडं-बोकडाचा मान देण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. कोंबडी-बकरी ही तिथे रोजच्या जेवणाची, अडीनडीला विकायची, दवाखान्याच्या खर्चाची सोय आहे. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नाही. अशा वर्गात आपण गाडगेबाबा शिकवायला उभे राहिलो आणि नवसाला बोकड कापणारे लोक वाईट असं म्हणून मोकळे झालो, तर समोरचं लेकरू मान खाली घालेल. त्याला वाटेल, माझे आई-बाप वाईट. प्राण्यांवरची दया शिकवायला निघालेल्या तासात एका लेकराचाच अपमान होईल. बाबांना हे कधीच चाललं नसतं.

बाबा बाहेरून आलेले उपदेशक नव्हते. ज्या समाजाची रीत त्यांनी बदलली, त्यात ते स्वतः जन्मले होते, त्या रीतीत त्यांचा बाप गेला होता. आपल्या जिल्ह्यातही तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या संत गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात आदिवासी बांधवांत दारूबंदीची मोठी चळवळ उभी केली, ती आपल्याच माणसांत राहून. बदल आतून आला की टिकतो. म्हणून शिक्षकाचं काम दोष काढायचं नाही. मुलांच्या रोजच्या पाहण्यातलं जनावर त्यांच्यापुढे आणून त्यांनाच बोलतं करायचं.

आणि बोलायला कितीतरी आहे. ज्यावर घराघरांत वाद होणार नाही, पण जे रोज चाललेलं असतं.

• आठवडे बाजारात कोंबड्या पाय बांधून, डोकं खाली लोंबकळत नेतात. टोपलीतून किंवा जाळीच्या पेटीतून नेता येतील का?

• खांदा सुजलेल्या बैलाला पुन्हा जुवाला जुंपलं जातं. पोळ्याला आपण त्याची खांदेमळणी करतो, मग एरवी त्या खांद्याकडे कोण बघतं?

• गलोल सगळ्यांना आवडते. पण घरट्यात पिल्लं असताना चिमणी पडली तर पुढे काय होतं?

• संक्रांतीला नायलॉनचा मांजा बंदी असूनही मिळतो. पतंग उडवून झाल्यावर झाडावर अडकलेला दोरा काढून टाकण्याची जबाबदारी एका गटाला देता येईल.

• मार्च ते जून शाळेच्या भिंतीलगत पक्ष्यांसाठी मातीचं भांडं आणि गुरांसाठी पाण्याची कुंडी. भरायची पाळी मुलांनी वाटून घ्यायची. गाडगंच ठेवलं तर बाबांची आठवणही राहील.

• सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघताना फक्त रंग आणि किंमत बघू नका. त्याच्यापुढे पाणी आहे का, लगामाने तोंड सोललं आहे का, हेही बघा, असं मुलांना सांगावं.

मदतीला धावताना मुलांची सुरक्षा आधी. जखमी किंवा अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नाही, मोठ्यांना बोलवायचं. कुत्रा चावलाच तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. विहिरीत पडलेल्या जनावरासाठी मुलांनी स्वतः उतरायचं नाही, गावाला हाक मारायची. जनावर आजारी किंवा जखमी असेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते. हा क्रमांक वर्गाच्या फलकावर कायमचा लिहून ठेवावा.

पालकांनाही एक विनंती. लेकरू रस्त्यावरचं भिजलेलं पिल्लू घरी घेऊन आलं तर लगेच रागावू नका. ठेवता येणार नसेल तर तसं सांगा, पण आधी वाटीभर पाणी ठेवा. मुलं आपलं बोलणं विसरतात, आपण काय केलं ते विसरत नाहीत.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. बाबांनी माणसांच्या गरजांच्या यादीत मुक्या प्राण्यांना जागा का दिली असेल?

२. बारशाच्या दिवशी देबूजीच्या जागी तुम्ही असता, तर कशाची भीती वाटली असती?

३. शेतकऱ्याचं कर्ज आणि जनावराचे हाल यांचा संबंध तुमच्या गावातल्या उदाहरणाने सांगा.

४. वरवंड्याच्या लोकांनी कायदा नसताना रीत कशी सोडली असेल?

५. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या एका जनावराचं आठ दिवस निरीक्षण करा. ते दुखतं-खुपतं, भूक-तहान कशी सांगतं, ते लिहा.

पाचवा प्रश्न शेळ्या राखणाऱ्या मुलाला आधी विचारा. बऱ्याचदा अभ्यासात मागे असलेलं हे पोर या प्रश्नाला सगळ्यात छान उत्तर देतं. त्याला वर्गापुढे उभं करून बोलू द्या. येत्या २० डिसेंबरला मैदान झाडून झालं की झाडू बाजूला ठेवून एवढं केलं, तरी बाबांची पुण्यतिथी सार्थकी लागेल.